वर्गणीतून औषधोपचार : ना नफा तत्त्वावरील प्रादेशिक आरोग्य विमा संस्था

माणसाच्या मूलभूत गरजा मोजताना आपण अन्न, वस्त्र, निवारा असे म्हणतो आणि पुढे शिक्षणाचा उल्लेख करतो. आरोग्याचा उल्लेख बहुधा राहून जातो. प्रकृती ठणठणीत असेपर्यंत त्याची आठवण होत नाही. घरात एखादे मोठे आजारपण आले की मात्र बाकीच्या सगळ्या गरजांचे गणित कोलमडते. आम्ही बँकेत काम करणारी माणसे हे रोज पाहतो. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायला कोणी आले की कारण विचारावे लागत नाही, निम्म्या वेळी रुग्णालयाचे बिल हेच कारण असते. सोने तारण कर्जाचेही तसेच. ज्यांच्याकडे ना ठेव ना सोने, त्यांना सावकाराचे दार ठोठवावे लागते. दोन पिढ्यांनी कष्टाने मिळवलेली स्थिरता एका शस्त्रक्रियेत जाऊ शकते, ही गोष्ट आपल्या समाजातील नोकरदार वर्गानेही विसरू नये.

यावर उपाय म्हणून आरोग्य विम्याचे नाव घेतले जाते. पण विमा म्हणजे एजंटने आणून दिलेला कागद एवढीच आपली कल्पना असते. हा विमा चालवायचा कोणी, नफ्यासाठी चालवायचा की सभासदांसाठी, आणि त्यामुळे उपचार खरोखर परवडतात का, या प्रश्नांचा जगात फार मोठा अनुभव गोळा झालेला आहे. विशेषतः अमेरिकेत एकेका शहरापुरत्या किंवा राज्यापुरत्या, ना नफा तत्त्वावर चालणाऱ्या आरोग्य विमा संस्थांचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात यशही आहे आणि अपयशही. सभासदांना व विद्यार्थ्यांना विचार करण्यास उपयोगी पडावे म्हणून तो प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडला आहे.

विम्याचे साधे गणित

प्रथम विमा म्हणजे काय ते पाहू. समजा, एका वस्तीत १,००० कुटुंबे आहेत. प्रत्येकाने दरमहा १०० रुपये वर्गणी दिली तर वर्षाला १२ लाख रुपये जमतात. समजा, वर्षभरात त्यांपैकी ४० कुटुंबांत कोणीतरी रुग्णालयात दाखल झाले आणि प्रत्येकी सरासरी २५,००० रुपये खर्च आला. एकूण खर्च १० लाख. उरलेल्या २ लाखांत हिशेबनिसाचा पगार, कागदपत्रे आणि गंगाजळी भागते. कोणते कुटुंब आजारी पडेल हे आधी सांगता येत नाही, पण हजारातली साधारण किती कुटुंबे आजारी पडतील याचा अंदाज बांधता येतो. विम्याचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

आता पुढची पायरी. समजा, या वस्तीतली ३०० तरुण, निरोगी कुटुंबे म्हणाली, 'आम्हाला काही होत नाही, आम्ही वर्गणी का भरावी?' आणि ती बाहेर पडली. वर्गणी ८ लाख ४० हजारांवर आली. खर्च मात्र त्या प्रमाणात घटत नाही, कारण आजारी पडणारे बहुतेक आतच आहेत. समजा, आता ३७ कुटुंबांना रुग्णालय लागले. खर्च ९ लाख २५ हजार. म्हणजे ८५ हजारांची तूट, आणि व्यवस्थापनाचे व गंगाजळीचे २ लाख वेगळेच. हे सारे भरून काढायचे तर उरलेल्या ७०० कुटुंबांवर दरमहा सुमारे १३४ रुपये वर्गणी बसवावी लागेल. वर्गणी वाढली की आणखी काही निरोगी कुटुंबे बाहेर पडतील आणि ती पुन्हा वाढेल. शेवटी निधीत फक्त आजारी माणसे उरतील आणि निधी बुडेल.

हे गणित वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढच्या साऱ्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

डॅलस येथील शिक्षकांची योजना

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात डॅलस नावाचे शहर आहे. तेथील बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाची जबाबदारी १९२९ साली जस्टिन फोर्ड किंबॉल या गृहस्थांकडे आली. ते पूर्वी डॅलसच्या शाळांचे अधीक्षक होते. रुग्णालयाच्या थकबाकीच्या यादीत त्यांना ओळखीच्या अनेक शिक्षकांची नावे दिसली. पगार तुटपुंजा, त्यात आजारपण, मग बिल फेडणार कोठून? पूर्वी फ्लूच्या साथीच्या काळात शिक्षकांसाठी त्यांनी एक आजार सहाय्य निधी चालवला होता आणि त्याच्या नोंदी त्यांच्याजवळ होत्या. शिक्षक वर्षाला साधारण किती दिवस आजारी पडतात, हे त्यांनी त्या नोंदींवरून काढले आणि योजना मांडली. प्रत्येक शिक्षकाने महिन्याला ५० सेंट, म्हणजे अर्धा डॉलर द्यावा, आणि गरज पडल्यास वर्षाला २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार मिळावेत.

हजाराहून अधिक शिक्षक या योजनेत आले. १९२९ च्या अखेरीस ती सुरू झाली, तेव्हा अमेरिकेत महामंदीला नुकतीच सुरुवात झाली होती. मंदीत रुग्णांपाशी पैसा नसल्याने रुग्णालयांच्या खाटा रिकाम्या पडू लागल्या. त्यामुळे नियमित वर्गणीची ही कल्पना रुग्णालयांनाही हवीशी वाटली. १९३२ साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे एका रुग्णालयाऐवजी शहरातील अनेक रुग्णालयांची मिळून योजना निघाली. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील योजनेने १९३४ साली निळा क्रूस हे चिन्ह वापरले. तेच पुढे देशभर 'ब्लू क्रॉस' या नावाने प्रसिद्ध झाले. डॉक्टरांच्या फीसाठी १९३९ साली कॅलिफोर्नियात स्वतंत्र योजना निघाली आणि अशा योजनांना 'ब्लू शील्ड' हे नाव मिळाले.

या संस्थांची तीन वैशिष्ट्ये लक्षात घेण्यासारखी आहेत. एक, त्या प्रादेशिक होत्या. प्रत्येकीचे क्षेत्र ठरलेले, शहर, जिल्हा किंवा राज्य. दुसरे, त्यांना भागधारक नव्हते. शिल्लक राहिलेला पैसा लाभांश म्हणून कोणाच्या खिशात जात नसे. तिसरे, त्यांना कायद्याची खास सवलत होती. न्यूयॉर्क राज्याने १९३४ साली कायदा करून अशा योजनांना नेहमीच्या विमा कंपनीप्रमाणे मोठे भांडवल उभे करण्याच्या अटीतून सूट दिली. त्या बदल्यात त्यांनी लोकहिताचे काम करावे ही अपेक्षा होती.

सर्वांना एकच वर्गणी

या संस्थांच्या धोरणाचा गाभा म्हणजे एका प्रदेशातील सर्वांना एकच दर. साठ वर्षांचा सुतार आणि पंचविशीतला कारकून, दमेकरी आणि पहिलवान, सगळ्यांना सारखीच वर्गणी. आज जो निरोगी आहे तो आजच्या आजाऱ्याचा भार उचलतो, आणि उद्या त्याची पाळी आली की इतर त्याचा भार उचलतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या विम्याला एक वेगळे वळण मिळाले. १९४२ साली सरकारने पगारवाढीवर बंधने घातली. कामगार मिळवण्यासाठी कारखानदार पगार वाढवू शकत नव्हते, पण आरोग्य विम्यासारख्या सोयी देण्यास मर्यादेत मुभा होती. पुढे १९५४ च्या आयकर कायद्याने मालकाने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला कर लागणार नाही हे पक्के झाले. नोकरी आणि आरोग्य विमा यांची गाठ अशी बांधली गेली. ती तेथे आजही सुटलेली नाही.

एवढा मोठा व्यवसाय दिसताच नफ्यावर चालणाऱ्या विमा कंपन्या मैदानात उतरल्या. त्यांनी सर्वांना एक दर लावला नाही. ज्या कारखान्यात तरुण कामगार जास्त आणि आजारपण कमी, तेथे जाऊन त्यांनी कमी हप्त्याचा देकार दिला. मालकाला तो पटला. ब्लू क्रॉसकडे राहिले ते वयस्क आणि आजारी. आपल्या उदाहरणातील ३०० कुटुंबे बाहेर पडली, तसेच हे झाले. १९५० च्या दशकात खाजगी कंपन्यांचे विमेदार ब्लू क्रॉसपेक्षा अधिक झाले आणि टिकून राहण्यासाठी ब्लू क्रॉस संस्थांनीही हळूहळू एकच दर सोडून गटाच्या आजारपणाप्रमाणे दर लावायला सुरुवात केली. वृद्ध व गरीब मागे पडले. अखेर १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना आणाव्या लागल्या.

यावरून एक निष्कर्ष निघतो. चांगल्या हेतूची संस्था बाजारात एकटीच समान दर पाळत असेल आणि बाकीच्यांवर तसे बंधन नसेल, तर तिचा चांगुलपणाच तिला बुडवतो.

रॉचेस्टरचा अनुभव

समान दराची पद्धत सर्वत्र लगेच मोडली नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर हे शहर त्याचे उत्तम उदाहरण आहे. कॅमेरे व फिल्म बनवणारी कोडॅक कंपनी तेथील सर्वांत मोठी मालक. कोडॅकचे कामगार धरून स्वस्त दर पदरात पाडून घेणे कंपनीला सहज शक्य होते. पण कोडॅकने व शहरातील इतर मोठ्या कारखान्यांनी स्थानिक ब्लू क्रॉसच्या समान दराला पाठिंबा दिला. मोठ्या कंपन्या आत राहिल्याने छोट्या दुकानदारांना आणि त्यांच्या नोकरांनाही विमा परवडला. कोडॅकचे अधिकारी मॅरियन फोल्सम, जे १९५५ ते १९५८ या काळात अमेरिकेचे आरोग्य, शिक्षण व कल्याण मंत्री होते, त्यांचा या कामात पुढाकार होता.

रॉचेस्टरने आणखी एक गोष्ट केली. शहरात किती खाटा हव्यात, महागडी यंत्रे कोणत्या रुग्णालयाने घ्यावीत, याचे सर्वांनी बसून नियोजन केले. एका रुग्णालयाने नवे यंत्र आणले म्हणून शेजारच्यानेही आणायचे आणि मग दोघांनी त्याचा खर्च रुग्णांकडून वसूल करायचा, असे तेथे चालू दिले नाही. १९८० च्या दशकात रुग्णालयांच्या एकूण उत्पन्नावर मर्यादा घालण्याचा प्रयोगही तेथे झाला. अमेरिकन संसदेच्या लेखा कार्यालयाने १९९३ साली रॉचेस्टरवर अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष होता की येथे अधिक लोकांना विमा आहे आणि खर्च मात्र देशाच्या तुलनेत कमी आहे.

पुढे हे टिकले नाही. १९७४ च्या एका केंद्रीय कायद्याने मोठ्या कंपन्यांना स्वतःच्या कामगारांचा खर्च स्वतः उचलण्याची, म्हणजे सामायिक निधीतून बाहेर राहण्याची मोकळीक दिली होती. १९९० च्या दशकात हा कल वाढत गेला आणि रॉचेस्टरची जुनी एकी विरळ झाली. कोडॅकचाही धंदा घसरत गेला आणि २०१२ साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. संस्था कितीही चांगली असो, ती एखाद्या मोठ्या आश्रयदात्याच्या सद्भावनेवर उभी असेल तर आश्रयदात्याबरोबर तीही खचते.

लोकांची मालमत्ता कोणाची?

१९८० नंतर ना नफा संस्थांवर वेगळे संकट आले. १९८६ च्या कर कायद्याने ब्लू क्रॉस संस्थांची केंद्रीय करातील पूर्ण माफी काढून घेतली. १९९४ साली त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने नफ्यावर चालणाऱ्या कंपन्यांनाही हे नाव वापरण्याची परवानगी दिली. भांडवल उभारायचे आहे, संगणक घ्यायचे आहेत, स्पर्धेत टिकायचे आहे, अशी कारणे देऊन अनेक राज्यांतील संस्थांनी भागभांडवली कंपनीत रूपांतर केले. त्यांपैकी कित्येक एकत्र होऊन एक अवाढव्य कंपनी तयार झाली. २००४ साली अँथम आणि वेलपॉइंट यांचे विलीनीकरण झाले. त्या कंपनीचे आजचे नाव एलेव्हन्स हेल्थ असे आहे.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहिला. साठ वर्षे करमाफी घेऊन, लोकांच्या वर्गणीतून वाढलेली संस्था जेव्हा खाजगी होते, तेव्हा तिची गंगाजळी कोणाची? कॅलिफोर्नियात लोकहिताच्या संघटनांनी आणि शासनाने हा प्रश्न लावून धरला. १९९६ साली रूपांतर झाले तेव्हा मालमत्तेचे मूल्य दोन नव्या धर्मादाय प्रतिष्ठानांकडे द्यावे लागले. ती रक्कम सुमारे तीन अब्ज डॉलरच्या घरात होती. कॅन्सस राज्यात सभासदांच्या मालकीची ब्लू क्रॉस संस्था अँथमला विकण्याचा प्रस्ताव विमा आयुक्त कॅथलीन सेबिलियस यांनी २००२ साली फेटाळला. मेरीलँड राज्यात २००३ साली विमा आयुक्तांनी केअरफर्स्ट या संस्थेच्या विक्रीला नकार दिला. विक्रीची किंमत कमी आहे, संचालकांनी आपले कर्तव्य नीट बजावले नाही आणि अधिकाऱ्यांना मिळणारे बोनस गैर आहेत, अशी त्यांची कारणे होती. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने संस्थेच्या ना नफा उद्दिष्टाला कायद्याने बळकटी दिली.

म्हणून संस्थेच्या पाटीवर 'ना नफा' असे लिहिले म्हणजे सारे काही आले असे नाही. अशा संस्थांतही अधिकाऱ्यांचे पगार भरमसाट असू शकतात, गंगाजळी गरजेपेक्षा फुगू शकते. अमेरिकेतील ब्लू क्रॉस संस्थांनी आपापसात क्षेत्रे वाटून घेऊन स्पर्धा टाळली असा दावा विमेदारांनी लावला होता. त्यात संस्थांनी २०२० साली २.६७ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडील सहकारी पतपेढ्यांचा अनुभव असलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. हिशेब तपासणारे सभासद जागे असतील तोवरच संस्था सभासदांची राहते.

खरा खर्च कोठे आहे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. नफा काढून टाकला तर उपचार स्वस्त होतात का? काही प्रमाणात होतात. २०१० च्या कायद्यानुसार अमेरिकेत विमा कंपनीने जमलेल्या हप्त्यांपैकी किमान ८० टक्के, आणि मोठ्या गटांच्या बाबतीत ८५ टक्के रक्कम उपचार व त्यांच्या दर्जावर खर्च करावीच लागते. तसे न केल्यास उरलेली रक्कम विमेदारांना परत करावी लागते. पण यातच उत्तराची मर्यादाही दिसते. शंभर रुपयांपैकी ८० ते ८५ रुपये रुग्णालय, डॉक्टर आणि औषधांकडे जात असतील, तर विमा संस्थेने आपला सारा नफा सोडला तरी बचत उरलेल्या रकमेतूनच होणार. शस्त्रक्रियेचा दर दुप्पट झाला तर ना नफा संस्थेलाही हप्ता वाढवावाच लागतो.

२००३ साली अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अमेरिकेचा आरोग्यावरील खर्च इतर श्रीमंत देशांहून जास्त असण्याचे मोठे कारण तेथील दर हे आहे. तेथील माणसे जास्त वेळा डॉक्टरकडे जातात असे नाही, प्रत्येक वेळी जास्त पैसे मोजतात. २०२३ साली त्या देशाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च केली. रुग्णालये एकमेकांत विलीन होऊन मोठी होत जातात, तेव्हा शहरातल्या छोट्या विमा संस्थेला त्यांच्याशी दराची घासाघीस करता येत नाही. 'आमचे दर मान्य नसतील तर तुमचे रुग्ण घेणार नाही' असे रुग्णालयाने म्हटले की संस्थेचा नाइलाज होतो.

२०१० च्या कायद्याने सभासदांच्या मालकीच्या नव्या ना नफा विमा संस्थांना सरकारी कर्ज देऊन उभे करण्याचा प्रयत्नही केला. अशा २३ संस्था सुरू झाल्या. पण गंगाजळी नाही, विमेदारांच्या आजारपणाचा पूर्वानुभव नाही आणि गिऱ्हाईक मिळवण्यासाठी हप्ता कमी ठेवलेला. त्यात तोटा वाटून घेण्याचे सरकारचे आश्वासन सुरुवातीला फार थोडेच पाळले गेले. सरकारने ते पैसे दिलेच पाहिजेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला, तोपर्यंत बहुतेक संस्था बंद पडल्या होत्या.

जर्मनीने वेगळा मार्ग धरला. तेथे १८८३ पासून कामगारांसाठी आजार निधी संस्था आहेत. त्या ना नफा असून त्यांतील काही आजही प्रदेशवार चालतात. वर्गणी पगाराच्या प्रमाणात घेतली जाते, आजारपणाच्या प्रमाणात नाही. बहुसंख्य लोकांना तीत राहणे सक्तीचे आहे. १९९४ पासून ज्या संस्थेकडे निरोगी सभासद जास्त, तिच्याकडील पैसा आजारी सभासद जास्त असलेल्या संस्थेकडे वळवण्याची पद्धत आहे. आजाऱ्यांना टाळून फायदा करून घेण्याची सोय त्यामुळे कमी झाली. रॉचेस्टरमध्ये जे मालकांच्या मर्जीने झाले, ते जर्मनीत कायद्याने झाले.

आपल्या देशातील वाटचाल

हा विषय आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दीत, मार्च १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्यासाठी प्रा. बी. पी. आडारकर यांची नेमणूक झाली. त्यांचा अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. वर्गणी पगाराच्या प्रमाणात, उपचार गरजेप्रमाणे, हे तिचे तत्त्व आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी विमा व्यवसाय शासनाच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. धडधाकटांनी बाहेर पडायचे आणि दुर्बलांनी भार वाहायचा, हे सक्तीशिवाय थांबत नाही. अमेरिकेचा इतिहास वाचताना या मागणीतील दूरदृष्टी पटते.

कर्मचारी राज्य विमा मात्र ठरावीक पगाराच्या आतील संघटित कामगारांपुरताच राहिला. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या भगिनी, फेरीवाले बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी काही स्थानिक प्रयोग झाले. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने गावोगाव आरोग्य विमा चालवला. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि गावातील पाऊण कुटुंबे आली तरच गावाला योजना लागू करायची. पाऊण गावाची ही अट म्हणजे आपण वर पाहिलेल्या गणिताचे उत्तर आहे. निरोगी कुटुंबे बाहेर राहू नयेत याची काळजी अर्थशास्त्राची परिभाषा न वापरता घेतलेली दिसते. अर्थात रुग्णालयाचा मोठा खर्च शासकीय अनुदानातून भागत असे, केवळ ज्वारीवर तो भागला नसता, हेही सांगितले पाहिजे.

कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी 'यशस्विनी' योजना सुरू झाली. डॉ. देवी शेट्टी यांची ती कल्पना. माणशी वर्षाला ६० रुपये भरून शस्त्रक्रियांचे संरक्षण मिळे, आणि लाखो सभासद एकत्र असल्यामुळे खाजगी रुग्णालयांकडून कमी दर ठरवून घेता आले. पुढे वर्गणी १२० रुपये करताच सभासदसंख्या घसरली. २०१८ साली ती सरकारी योजनेत विलीन झाली आणि नंतर पुन्हा स्वतंत्रपणे सुरू करण्यात आली. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने १९९२ पासून असंघटित स्त्रियांसाठी विमा चालवला. पुण्यात अन्नपूर्णा परिवाराने वस्तीतील स्त्रियांचा परस्पर सहाय्य निधी उभा केला. तेथे दावा मंजूर करायचा की नाही, हे सभासद स्त्रियांची समिती ठरवते.

अशा संस्थांना आपल्या कायद्यात विमा कंपनीचा दर्जा मिळणे मात्र दुरापास्त आहे. १९९९ च्या कायद्याने विमा कंपनीसाठी १०० कोटी रुपये भांडवलाची अट घातली. न्यूयॉर्कने १९३४ साली जी सूट दिली, तशी सूट आपल्याकडे नाही. त्यामुळे या संस्था 'निधी' म्हणून चालतात किंवा मोठ्या कंपनीशी करार करतात.

सभासदांनी काय करावे?

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवण्याचा आणि संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. ठरावीक आजार आणि ठरावीक रुग्णालये यांनाच ती लागू होते. त्यामुळे रुग्ण दाखल करण्यापूर्वी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार आहे. हे माहीत नसल्यामुळे अनेक कुटुंबे पूर्ण बिल भरतात. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घरात तयार असावा. आजारी माणूस खाटेवर असताना तहसील कचेरीत खेटे घालण्याची वेळ येऊ नये.

खाजगी पॉलिसी घेणाऱ्यांनी हप्त्याच्या आकड्याआधी चार गोष्टी वाचाव्यात. जुन्या आजाराला किती वर्षे थांबावे लागेल, खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का, बिलाचा किती भाग स्वतः भरायचा आहे आणि आपल्या गावाजवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे, याचीही नोंद घ्यावी.

आपल्यासारख्या संस्थेने वैद्यकीय सहाय्य निधी काढायचा झाल्यास त्याला विमा म्हणू नये आणि विम्यासारखी वचनेही देऊ नयेत. वर्गणी लहान ठेवावी, पण बहुसंख्य कुटुंबे आल्याशिवाय निधी सुरू करू नये. मदतीची कमाल मर्यादा आधीच लिहून ठेवावी. गंगाजळीला हात लावण्याचा अधिकार एका माणसाकडे नसावा. मंजूर व नामंजूर झालेल्या प्रत्येक अर्जाचा हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवावा. एका वस्तीचा निधी मोठ्या शस्त्रक्रियेला पुरणार नाही, पण तपासण्या, औषधे, प्रवास आणि रुग्णासोबत राहणाऱ्याचा खर्च भागवू शकेल. सरकारी योजनेचा लाभ घेतानाही गरीब कुटुंबाला नेमका याच खर्चासाठी कर्ज काढावे लागते.

विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. अर्थशास्त्र, वाणिज्य, कायदा किंवा वैद्यक यांपैकी काहीही शिकत असाल, तर आपल्या वस्तीतील शंभर घरांत जाऊन गेल्या वर्षी आजारपणावर किती खर्च झाला आणि तो पैसा कोठून आणला, एवढेच विचारून लिहून काढा. किंबॉल यांनी शिक्षकांच्या आजारपणाच्या नोंदी ठेवल्या होत्या म्हणून त्यांना वर्गणीचा दर ठरवता आला. आपल्याकडे अशी वही नाही. संस्थेच्या पुढील वार्षिक सभेपूर्वी ती तयार झाली, तर सहाय्य निधीचा विचार अंदाजाने न करता आकड्यांवर करता येईल.